गोल घासायचं नाही

ट्रॉय, मिशिगन
६ ऑक्टोबर २०२४

शिवांगी,

रागावलेली राहा, पण वाच. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि उत्तर येत नाही, म्हणून हा कागद. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. बेसमेंटमधल्या माझ्या रविवारच्या मराठी शाळेत तू सहा वर्षं बसली आहेस, तेव्हा अडखळत का होईना, वाचता येईलच. जोडाक्षर आलं की थांब आणि मोठ्याने म्हण.

परवा नैनाकाकू मेथी घेऊन आली. मला लिहिताना बघून म्हणाली, "अगं सुमेधा, सरळ जा ना यार तिच्याकडे. लेटर कोण लिहितं आता?" मी म्हटलं, तिचं न्यूयॉर्कमधलं रॉचेस्टर सहा तासांवर आहे, आणि दार उघडलं नाही तर परत सहा तास. तिलाही सगळं ठाऊक आहे. सुमेधाने नवऱ्याचा फोटो घासून टाकला, हे ट्रॉयमधल्या एकूण एक मराठी बाईला ठाऊक आहे.

तर तेच एकदा लिहून टाकते. गणपतीच्या आदल्या दिवशी दरवर्षीप्रमाणे चांदी घासायला काढली. निरांजन, तबक, पंचपात्री, कुंकवाचा करंडा. त्यात बाबांची प्लेट होती. मला ती काळी पडलेली चांदी वाटली. पांढरं दंतमंजन घेतलं, खसाखसा घासली, धुतली आणि देवघरात तबकाशेजारी उभी केली. संध्याकाळी तू आलीस. हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हतीस. "बाबा कुठे आहेत?" विचारलंस. मी म्हटलं, "ती काळपट प्लेट होय? घासली मी. बघ कशी चकचकीत निघाली."

त्यानंतर तू जे बोललीस ते मला आता पाठ झालं आहे. की तो डॅगेरोटाइप होता. चांदीच्या पत्र्यावरचा, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने काढलेला. त्याला निगेटिव्ह नसते, त्याची कॉपी नसते, एकच असतो आणि पुसला की गेला. "बारा वर्षं मी हे करतेय, आई. अँड यू डिडन्ट इव्हन नो व्हॉट इट वॉज." एवढं म्हणालीस आणि तशीच परत गाडीत बसलीस. एकवीस मोदक केले होते. मी एकही खाल्ला नाही.

बाबांना जाऊन तेव्हा पंधरा महिने झाले होते. तू तो फोटो काढल्यावर ते एकोणीस दिवस होते, हेही मला मोजता येतं.

माझं वय झालं, डोळे अधू झाले, समजलं नाही. माफ कर. वरची काच, पितळी चौकट आणि कडेची टेप मी गुंडाळून किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. लागली तर सांग.

तुझी अडाणी आई


ट्रॉय
२४ ऑक्टोबर २०२४

शिवांगी,

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. डब्यात चकल्या आहेत, पण पार्सल चकल्यांसाठी केलेलं नाही. चकल्यांच्या खाली बाबांच्या रुमालात प्लेट आहे. तिची काच आणि चौकट वेगळ्या पाकिटात आहे.

देवघरातून ती मी काढली. समोर उभं राहिलं की त्यात माझंच तोंड दिसतं. अशी रिकामी प्लेट पुन्हा वापरता येते, असं तू कुणाला तरी फोनवर सांगत होतीस, तसं ऐकल्यासारखं वाटतं. वापर. नसेल वापरायची तर टाक, पण मला सांगू नकोस.

तुझ्या स्टुडिओत मानेमागे लावायचा जो लोखंडी आधार आहे, तो बाबांनी केला होता, तो तरी आहे ना नीट? गॅरेजमध्ये जुन्या गाडीच्या सीटचं हेडरेस्ट घेऊन किती दिवस खुटखुट चालली होती. तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले, आणि रिटायर झाल्यावर म्हणे, "माणसालाही ब्रेक लागतो, सुमेधा, दहा सेकंद हलायचं नाही म्हणजे थट्टा आहे का?" त्यांच्या स्वतःच्या फोटोच्या दिवशी तू तो आधार बॅकयार्डमध्ये खुर्चीला लावलास आणि त्यात त्यांची मान बसवलीस. मान तेव्हा एवढीशी झाली होती. मी त्या दिवशी बाहेर आले नाही, कारण कुकर लावला होता. तू हाक मारलीस ती ऐकू आली नाही.

चकल्या जरा कडक झाल्या आहेत. दिवाळीत एकटीने घाणा काढला की असंच होतं.

आई


ट्रॉय
१७ नोव्हेंबर २०२४

शिवांगीबाई,

आपलं कार्ड पावलं. सहा आठवड्यांनी मुलीचं उत्तर येतं आणि त्यात दोन ओळी. "प्लेट मिळाली. गोल घासायचं नाही."

चाळीस वर्षं चांदी घासते आहे मी! माझ्या सासूबाईंनी, ज्यांना कुणाचंच काही पसंत पडायचं नाही, त्यांनी माझं निरांजन हातात धरून चारचौघींत सांगितलं होतं की घासावं तर हिने. आणि माझी मुलगी मला शिकवते गोल घासायचं नाही. रागाने कार्ड फ्रिजला लावलं. दुसऱ्या दिवशी काढून परत वाचलं. मागे तू छोटंसं चित्र काढलं आहेस, उभा चौकोन आणि त्यात आडव्या रेघा, आणि खाली इंग्रजीत लिहिलं आहेस की गोल घासलं तर वर्तुळं राहतात आणि उजेड पडला की ती चेहऱ्यावर दिसतात. शेवटचे हात आडवेच हवेत.

मग मी आपलं तबक खिडकीत नेऊन बघितलं. खरंच गं, वर्तुळंच वर्तुळं आहेत. चाळीस वर्षांची.

तर मग कसं घासतात ते नीट लिही. कशाने घासतात? तुझ्याकडे आयोडीन असतं म्हणालीस, ते जखमेवर लावतात तेच का? आणि पारा तापवतेस ना त्या खोलीत? खिडकी उघडी ठेवत जा आणि त्या हाताने काही खाऊ नकोस. तुला हसू येईल, येऊ दे.

चकल्या मिळाल्या का ते लिहिलं नाहीस.

आई


ट्रॉय
२२ डिसेंबर २०२४

शिवांगी,

पार्सल मिळालं. तीन बिघडलेल्या प्लेटा, मखमल लावलेली ती लांब लाकडी पट्टी, लाल पावडरची बाटली आणि काजळीची डबी. नैनाकाकूने डबी उघडली आणि नाकाला लावून ठेवली, त्यामुळे दिवसभर ती मिशी घेऊन हिंडली. मी सांगितलं नाही.

तुझी चिठ्ठी मी ओट्यासमोर चिकटवली आहे. आधी लाल पावडर, मग काजळी, मग कोरडी मखमल. हात लांब, सरळ, एका लयीत. बोट लागता कामा नये. शेवटी प्लेटवर हाः करून श्वास सोडायचा, आणि वाफ सगळीकडून एकसारखी उडाली तर प्लेट झाली. कुठे रेंगाळली तर तिथे मळ आहे, पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या प्लेटचा मी कोपरा इतका घासला की खालचं तांबं दिसायला लागलं. ती गेली. दुसरीवर माझा हात आपोआप गोल फिरायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. शेवटी मनगटाला लाकडी चमचा बांधला. हसू नकोस, खरंच बांधला. मनगट वळलं की चमचा लागायचा. तिसऱ्या दिवशी सोडला आणि हात सरळ जायला लागला.

बाहेर फूटभर बर्फ आहे. मी सकाळी चहा घेते आणि अकरा वाजेपर्यंत प्लेट घासते. बाबा गेल्यापासून सकाळी अकराच्या आत कपडेसुद्धा न बदलणारी बाई मी. काल तिसऱ्या प्लेटवर श्वास सोडला, आणि वाफ सगळीकडून एकदम उडाली. मी एकटीच किचनमध्ये "झाली!" म्हणून ओरडले.

तुझी चिठ्ठी दोन पानांची होती, हे मी मोजलं आहे. कुठेही काही प्रेमाचं लिहिलेलं नाहीस, तेही बघितलं. चालेल. अशाच आणखी पाठव.

आई


ट्रॉय
२० जानेवारी २०२५

शिवू,

तुझं पत्र आलं. मराठीत. तू लिहिलेलं पहिलं मराठी पत्र. "क्ष" उलटा आहे, "चूक"मधला ऊकार ऱ्हस्व आहे, आणि मी ते पत्र संक्रांतीच्या दिवशी उभ्यानेच वाचलं आणि खाली बसले.

तू लिहितेस: "आई, चूक माझी होती. तुला माहीत नव्हतं. मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आता मी सगळ्या प्लेट्सवर लेबल लावते. पण मला वाटतं हे काम आता बंद करावं. स्वतःच्या आईला सांगता आलं नाही, तर जे लोक येतात त्यांना काय सांगणार? ते पण घरी जाऊन पुसतील. समरमध्ये लीज संपते. मी रिन्यू करणार नाही."

सहा दिवस हे पत्र पदराला बांधल्यासारखं घेऊन फिरते आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. मी मूठ झाकून ठेवली असती तर तू परत आली असतीस, उन्हाळ्यात सामान घेऊन इथेच आली असतीस, फार्मसीच्या कंपनीत परत नोकरी धरली असतीस, आणि बारा वर्षं मला जे हवं होतं ते सगळं झालं असतं. आता हे वाचून तू परत बोलणं टाकशील, तेही मला दिसतं आहे. तरी लिहिते.

मला माहीत होतं.

मला सगळं माहीत होतं, शिवू. ती चांदीच्या भांड्यांतली प्लेट नव्हती, ते बाबा होते, हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं. ते गेल्यापासून रोज सकाळी मी त्यांना खिडकीत नेत होते. प्लेट थोडी डावीकडे कलली की ते दिसायचे, उजवीकडे कलली की पुसट व्हायचे आणि मी दिसायचे. कुठे किती कलवायची ते माझ्या हाताला बसलं होतं. चहा पिऊन होईपर्यंत आम्ही असे बसायचो.

ऑगस्टमध्ये कडेची टेप सुटायला लागली, आणि सुटली तिथून निळसर डाग आत यायला लागला. त्यांच्या कानापर्यंत आला. गालावर एक कण बसला होता, काचेच्या आत. तुला फोन करायला हवा होता. पण गणपती चार दिवसांवर होते, तू येणारच होतीस, आणि मला वाटलं की तू यायच्या आत त्यांना स्वच्छ करून ठेवावं. टेप सोडवली. काच काढली. आणि पदराच्या टोकाने त्यांचा गाल पुसला.

शेवटच्या महिन्यात पेज भरवल्यावर पुसायचे ना, तसा. विचारच केला नाही गं. हात गेला.

गाल निघून आला. एका हातासरशी. पदरावर थोडीशी करडी धूळ आणि प्लेटवर गालाच्या जागी नुसती चांदी. एक डोळा राहिला होता आणि कपाळ. तो एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी दुपारभर तिथेच बसले होते. मग मला वाटलं, ह्यांना असं अर्धं ठेवायचं कसं, आणि तुला दाखवायचं कसं. दंतमंजन मी नंतर आणलं. बाकीचे ते मी जाणूनबुजून घासले. मग बाकीची चांदी बाहेर काढली, म्हणजे सगळी चांदी घासत होते असं दिसावं.

तू दारात विचारलंस तेव्हा गुन्हेगार ठरण्यापेक्षा अडाणी ठरणं बरं वाटलं. तू लगेच विश्वास ठेवलास. त्याचं मला आजही वाईट वाटतं, की तू इतक्या पटकन विश्वास ठेवलास. पण तसा तो मीच तयार केला होता. "शिवांगी फोटो काढते" एवढंच मी लोकांना सांगायचे, घाईघाईने, आणि विषय बदलायचे.

आणि ऐक. तू नीट सांगितलं नाहीस म्हणतेस? आयोडीनवर प्लेट धरली की आधी वाळल्या गवतासारखी पिवळी होते, मग गुलाबी. तिथे थांबायचं असतं. मग ब्रोमिन, मग परत आयोडीन. पारा तापला की वाफेत चेहरा येतो, आणि कपाळ सगळ्यांत आधी येतं. शेवटी सोन्याचं पाणी घालून खालून दिवा लावायचा, म्हणजे चित्र धरून राहतं, तरी बोट लावायचं नाही. लाल रंग काळा येतो, निळा पांढरा येतो. हे सगळं मला तुझ्याकडूनच माहीत आहे. तू दर रविवारी बाबांना फोनवर सांगायचीस, आणि मी ओट्यापाशी पाणी बंद करून ऐकायचे. नोव्हेंबरात आयोडीनबद्दल विचारलं ते सोंग होतं.

त्या दिवशी कुकरही लावला नव्हता. तुझी हाक ऐकू आली होती. मी किचनच्या खिडकीत उभी होते. त्यांना इतकं वाळलेलं कुणी कायमचं करून ठेवावं हे मला बघवत नव्हतं. आणि मग तोच चेहरा मी रोज बघायला लागले, कारण ते त्यात किती शांत बसले होते.

काम बंद करायचं असेल तर तुला वाटेल त्या कारणाने कर. पण आईला कळलं नाही म्हणून करू नकोस. तुझ्या आईला कळलं होतं. तिने खोटं सांगितलं.

सुमेधा श्रीराम, म्हणजे तुझी आई


ट्रॉय
९ मार्च २०२५

शिवू,

सात आठवडे झाले. उत्तर मागत नाही.

राहिलेल्या दोन प्लेटा मी रोज घासते. चांदी हवेत ठेवली की चढतेच काळी, त्यामुळे काम संपत नाही. टपालवाला यायच्या वेळेला मात्र हात थांबतो.

नैनाकाकूलाही खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. तू आणि अडाणी? कमॉन." मग म्हणाली, "तिला सांगितलंस ना? मग बस. आता वेट कर." वेट करते आहे.

आई


ट्रॉय
३० मार्च २०२५

शिवू,

कार्ड मिळालं.

"चार वेळा वाचलं. चौथ्या वेळी मोठ्याने. मी चिडलेय. खूप. प्लेटवरून नाही, तू मला खोटं बोललीस त्यावरून. एप्रिलच्या लास्ट वीकमध्ये इथे ऊन चांगलं असतं. ये. निळं नेसू नकोस, पांढरं येतं. पण ते तुला माहीतच आहे."

शेवटचं वाक्य नैनाकाकूला वाचून दाखवलं, दोनदा. तिला त्यात काय आहे ते कळलं नाही.

विमानाचं तिकीट काढलं आहे, सव्वीस तारखेचं. बाबा पुण्याहून घेऊन आले होते ती वांगी रंगाची इरकल नेसेन. काय यायची ती काळी येवो. प्लेटा पर्समध्ये आणते, सामानात टाकत नाही. चिडलेली असलीस तरी जेवणार असशील ना? पुरणपोळ्या आणते.

आई


ट्रॉय
६ मे २०२५

शिवू,

पोचले, म्हणजे पोचून आठवडा झाला, आणि तू रोज फोन करतेस, त्यामुळे पत्र लिहायचं खरं तर कारण नाही. पण काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत, तुझ्यासारखंच.

जाताना एअरपोर्टवर त्या सिक्युरिटीच्या बाईने माझ्या प्लेटा बाहेर काढल्या आणि विचारलं की हे काय आहे. मी सांगितलं, हे अजून काही नाही. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

आता त्या सकाळचं. तू दार उघडलंस, पोळ्यांचा डबा घेतलास, आणि मिठी मारायच्या आधी मखमलीची पट्टी माझ्या हातात दिलीस. मला ते आवडलं. मी आल्या आल्या रडले असते तर तुला राग आला असता आणि मग मलाही. मग तू बाबांची प्लेट माझ्यासमोर ठेवलीस. पहिले तीनशे हात तुझे झाले होते, शेवटचे शंभर माझे. मनगटाला चमचा बांधायची वेळ आली नाही. तू मागे उभी राहून मोजत होतीस.

साठाव्या हाताला मी प्लेट खिडकीकडे कलवली, आणि मधोमध ती वर्तुळं दिसली. बारीक, केसासारखी. मी गाल पुसला होता तिथली.

"अजून चाळीस हात दे, आई. जाईल ते."

मी चार हात दिले असतील. मग पट्टी खाली ठेवली. "राहू दे," म्हटलं. मला वाटलं, आता ओरडशील की असं चालत नाही, धंद्यात असं डागाळ काम देत नाहीत. तू प्लेटवर श्वास सोडलास, वाफ गेली, आणि प्लेट घेऊन आयोडीनच्या खोलीत गेलीस. दार लावायच्या आधी एवढंच म्हणालीस, "मला पण तेच वाटत होतं."

मग मी खुर्चीत बसले आणि तू मानेमागे तो आधार लावलास. गार होता. हेडरेस्टच्या दांड्याला बाबांनी आतल्या बाजूने टेनिसच्या ग्रिपची पट्टी गुंडाळली आहे, हे मला माहीत नव्हतं. कुणाच्या मानेला टोचू नये म्हणून. त्यांचं काम असंच, न दिसणाऱ्या बाजूनेही पूर्ण.

"भिंतीवरच्या खिळ्याकडे बघ. श्वास घे, पण खांदे हलवू नकोस. हसू नको, आई. हसलीस तर ब्लर होईल."

"मी कुठे हसते आहे?"

"बोलू पण नकोस!"

बारा सेकंद. बारा सेकंदात माणूस किती विचार करतं गं. मी विचार केला की हे ह्याच प्लेटवर होते. त्यांनीही असाच कुठल्या तरी खिळ्याकडे बघत श्वास धरला असेल, आणि मी खिडकीआड होते. निदान ह्या वेळी तरी मी बाहेर आले.

पाऱ्याच्या खोलीत तू मला येऊ दिलं नाहीस, ते बरंच केलंस. पण सोन्याचं पाणी घालून दिवा लावलास तेव्हा मी शेजारी होते. आधी पुसट होते मी, मग एकदम उजळले. इरकल काळी आली. टिकली काळी आली. पदर उजव्या खांद्यावर आला, कारण ह्यात सगळं आरशासारखं उलटं येतं. आणि तू प्लेट थोडी कलवलीस तेव्हा ती वर्तुळं दिसली, बरोबर माझ्या गालावर. तीच लेन्स, तोच मानेचा आधार, तेवढंच अंतर. त्यांचा गाल होता तिथेच माझा आला होता. तेव्हा तू रडलीस आणि मग मीही रडले, आणि तू मला ओरडलीस की प्लेटपासून लांब जाऊन रड.

स्टुडिओचं म्हणालीस ते मी रोज घोकते. लीज दोन वर्षांनी वाढवली. जूनमध्ये ते ऐंशीचे आजोबा बायकोला घेऊन येणार आहेत. त्यांना प्लेट देताना काय सांगायचं ते तू मला विचारलंस, आणि मी म्हटलं, जे घडलं तेच सांग. माझ्या आईने पुसला, असं सांग. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. एकदा ऐकलेला माणूस मग हात लावणार नाही.

फोटो तू मला देत होतीस, मी घेतला नाही, त्याचं तुला वाईट वाटलं असेल. तसं नाही गं. माझ्या हाताचा मला भरवसा नाही. आणि बाबांना मी पंधरा महिने एकटीने बघितलं, तुझ्या वाट्याला काही ठेवलं नाही. हा तुझ्याकडे राहू दे. नवीन टेप नीट लावली आहेस ना ते अधूनमधून बघत जा.

आणि कधी माझ्या गालावर कण दिसला तर पुसू नकोस. मला फोन कर. मी इथे माझा गाल पुसते.

तुझी आई